जीभ गोठवून शिकलेली रशियन

रशियन भाषेवर आजवर जेवढे अत्याचार झाले असतील, त्यांतले निम्मे एकट्या आमच्या काकांनी ओझरला बसून केले. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या वडिलांची सारखी बदली व्हायची, म्हणून मी पाचवीत असताना मावशीकडे राहायला आले ती थेट लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. काका सरकारी विमान कारखान्यात होते. विमानाचा सुटा भाग हातात घेऊन त्यातली खोट शोधायची, हे त्यांचं काम. घरी आल्यावर तीच नजर मावशीच्या पोळीवर फिरायची. सगळी नोकरी विमानांच्या संगतीत गेली, पण हा माणूस जन्मात बसला तो फक्त एसटीत. आणि एक दिवस कारखान्यात जाहीर झालं की नव्या विमानांच्या कामासाठी काही लोकांना रशियाला शिकायला पाठवणार. अट एकच. आधी रशियन भाषेचा वर्ग करायचा आणि तोंडी परीक्षेत पास व्हायचं. काकांची निवृत्ती तोंडावर आलेली, म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची. "बसनार म्हंजे बसनार," त्यांनी जेवताना जाहीर केलं. वर्ग सुरू व्हायच्या आधीच मावशीने मेन रोडवरून मोठी बॅग आणली.

पुण्याहून आलेल्या एक मॅडम शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात काकांनी शोध लावला की रशियन ही आपलीच भाषा आहे. "चहाला चाय, साखरेला साखर! आता दुधापुरता शब्द पाठ केला की झालं." रशियनमध्ये विभक्त्या सहाच आहेत हे कळल्यावर तर त्यांना त्या लोकांची दया आली. आपल्याकडे आठ, म्हणजे दोन विभक्त्या आपण त्यांना सहज देऊ शकतो असं ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

शिकलेला शब्द वापरला नाही तर नासतो, असं त्यांचं मत. कांद्याला रशियनमध्ये 'लूक' म्हणतात. लासलगावला एका लग्नाला गेलो होतो, तर हे मांडवातून उठून थेट बाजार समितीत गेले आणि लिलाव चालू असताना ट्रॅक्टरकडे बोट दाखवून "लूक! लूक!" करायला लागले. व्यापारी बिचारा चार वेळा ट्रॉलीत वाकून आला. शेवटी वैतागून म्हणाला, "काय बघू काका? कांदाच तर हाय!" काका खूश. त्यांच्या लेखी एक गिऱ्हाईक रशियन शिकलं होतं.

मावशी सटाण्याकडची. रागावली की तिची अहिराणी बाहेर यायची. एकदा काकांनी पुस्तकातलं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य पाठ केलं आणि ती भाकरी थापत असताना, इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, "या तिब्या ल्युब्ल्यू." मावशीने मागे न बघता विचारलं, "हाई काय शे? पोटमा गुडगुड व्हई ऱ्हायनी का?" काका लाजले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

पण घोडं अडलं नमस्कारापाशी. रशियन नमस्कार, म्हणजे 'झ्द्रास्त्वुइत्ये', हा शब्द नसून शिंकच आहे. काकांना तो जमेना. मग एकदा ते सर्दीने बेजार असताना वर्गात गेले आणि नेमक्या त्याच दिवशी मॅडमनी उच्चाराचं कौतुक केलं. झालं! रशियन ही थंड तोंडानेच बोलायची भाषा आहे अशी त्यांची खात्री पटली. पिंपळगावला त्यांच्या मित्राचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. रविवारी माकडटोपी घालून, मावशीचा स्वेटर चढवून, काका आत पेट्यांमध्ये उभे राहून क्रियापदं म्हणायला लागले. दारावरचा वॉचमन मालकाकडे पळत गेला. "सायेब, आत कोनीतरी लय घाण शिव्या देतंय!"

परीक्षा नेमकी मे महिन्यात आली. समोर मॅडम आणि एक रशियन साहेब. मावशीने बॅगेत चकल्या आणि ठेचा आधीच भरून ठेवला होता. काका दुपारीच परत आले, नापास होऊन. "एवढ्या उन्हात परीक्षा घेतल्यावर काय व्हनार? जीभच वितळली," असं म्हणून त्यांनी बॅग उघडली आणि चकल्या खायला घेतल्या. आम्ही हसलो, तेही हसले. पुढे बॅच गेली. तिला निरोप द्यायला गेलेले काका एसटीने घरी आले.

बऱ्याच वर्षांनी कॉलेज रोडवर मला त्या मॅडम भेटल्या. मी काकांचं नाव सांगून ओळख करून दिली तशा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे ती मुलगी तूच का?" मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की काका नमस्कारात पास झाले होते, क्रियापदांत कसेबसे तरले होते. मग साहेबाने विचारलं, मुलंबाळं किती? काका म्हणाले, "दोच. अद्ना." मुलगी. एक. साहेबासमोरच्या कागदावर 'अपत्य नाही' असं होतं. त्याने प्रश्न पुन्हा सावकाश विचारला. उत्तर तेच. मॅडमनी मराठीत विनवलं, "काका, भाची म्हणा. प्लेम्यान्नित्सा. तुम्हाला येतो तो शब्द. काठावर आहात हो!" तर काका म्हणाले, "उत्तर बराबर हाय मॅडम. कागद दुरुस्त करा." साहेबाने शेरा मारला, प्रश्न समजला नाही.

मला तिथंच रस्त्यात रडू आलं. तशीच रिक्षा करून ओझरला गेले. काका आता थकलेत, ऐकूही कमी येतं. ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यांदा विचारलं, "काका, प्लेम्यान्नित्सा म्हणजे काय हो?"

त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"असा शब्दच नाय रशियनमधी," काका म्हणाले.