हाताला गुंडाळलेला दोर

आमच्या किनाऱ्यावर शीड आता वर्षातून एकदाच निघतं. एरवी सगळ्या होड्यांना इंजिनं. नारळी पौर्णिमा झाली की एका रविवारी शर्यत लागते. माळ्यावरची शिडं खाली येतात, उंदरांनी कुरतडलेल्या जागी ठिगळं लागतात, आणि पार चिंचणीपर्यंतची माणसं वाळूवर येऊन बसतात.

आमची होडी पहिली यायची. ही बढाई नाही, कुणालाही विचारा. सुकाणूवर बा, शिडाच्या दोरावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका. मी होडीच्या काठावर, ती कलू नये म्हणून नुसतं वजन. घरातला पहिला बी.एस्सी. मी, बोईसरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. पण होडीत माझी किंमत रेतीच्या गोणीएवढी.

"शिकून शिकून जड झालाय," काका म्हणायचा. "सरक तिकडं, ग्रॅज्युएट."

शिडाचा दोर हातात धरायचा, कशाला बांधायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी ऐकवतात. जोराचा झोत आला की दोर सोडून द्यायचा. शिडातला वारा निघून जातो, होडी सावरते. काका हे सगळ्यांना शिकवायचा. मग जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण मूठ वळेना. हे त्याने घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. जेट्टीवर हात खिशात घालून उभा राहायचा.

बा एकदा म्हणाला, "औंदा दोर दुसऱ्या कुणाला देऊ."

"मंग मला बायकांत नेऊन बसव वाळूवर," काका म्हणाला. विषय तिथंच संपला.

त्या सकाळी नेहमीसारखी होडी हलकी केली. नांगर काढला, पाण्याचे कॅन काढले, नारळ फोडून झाल्यावर कोयताही काढला. तीन नारिंगी लाइफ जॅकेटं होती, ती काकाने वाळूवर एकावर एक ठेवली आणि काकीला म्हणाला, "बस. गादी हाय तुला." ती लाजली. आजूबाजूच्या बायका हसल्या. कारखान्यात माझ्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर वॉचमन फाटकातच अडवतो, "साहब, टोपी कहाँ है?" इथे अडवणारं कुणी नव्हतं. जॅकेट घालून शर्यत मारायची म्हणजे हसं.

समुद्रात झेंड्याच्या पिंपाला वळसा घालून परत फिरायचं असतं. आम्ही पुढे होतो. वळताना वारा एकदम बाजूने आला. बा ओरडला, "सोड! दोर सोड!" मी काकाकडे पाहिलं. दोर त्याच्या हातात नव्हता, मनगटाला गुंडाळलेला होता. दोन-तीन वेढे. दुसरा हात ते वेढे काढायला धडपडत होता. होडी आडवी झाली, मग पालथी.

मी वर आलो तेव्हा बा होडीच्या तळाला धरून होता. काका नव्हता. मी शिडाखाली बुडी मारली. तो सापडला. दोर ओला होऊन असा आवळला होता की नख शिरेना. दातांनी ओढला. श्वास संपला, वर आलो, पुन्हा गेलो. तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यानंतर गेलो तेव्हा नव्हता. मागच्या होडीतल्या माणसाने उडी मारून दोर कापला, पण तोवर सगळं झालं होतं.

हॉस्पिटलातून त्याला घरी आणलं तेव्हा बाने त्याच्या सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. काकीला सांगितलं, "छातीत कळ आली. दोर सुटला नाय असं नाय, तो आधीच गेला व्हता." मला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढा नावाजलेला माणूस. तिला तेवढंच राहू दे."

बारावं झालं. पाहुणे गेले. काकी ओट्यावर सुकट निवडत होती. मला म्हणाली, "बस. तू शिकलेला हायस, तू खोटं सांगू नको. छातीत कळ आली व्हती?"

मी तोंडावर बोलणारा माणूस. तरी मी सुपातली सुकट निवडायला लागलो.

"त्याच्या बाहीचं बटण मी लावायची," ती म्हणाली. "त्याला लावता येत नव्हतं. सकाळी बाही दुमडून दिली व्हती मी. घरी आणला तर बटण लावलेलं. मी उघडून पाह्यलं."

मग मी सगळं सांगितलं.

"कापला का नाय?"

"कोयता होडीत नव्हता, काकी."

तिचे हात थांबले. "माझ्या पायाशी व्हता," ती म्हणाली.

कोंबडी सुपाजवळ आली, तिने हाकलली नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "शेजारणीचा नवरा दर्यात गेला तो अजून मिळाला नाय. ती अजून भरतीला जाऊन उभी राहते. माझ्या माणसाला त्या दोरानं घरी तरी आणला."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. जॅकेटाचं, कोयत्याचं, सगळं. ते मी आता काकाचं नाव न घेता जेट्टीवर प्रत्येकाला सांगतो, कुणी हसलं तरी सांगतो. तिला सांगितलं नाही.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बाला बोलू नको, मला ठावं हाय म्हणून. त्याला बरं वाटतंय तसं."

बा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला छातीतल्या कळेचं सांगतो. काकी शेजारी बसलेली असते. हो म्हणून मान हलवते.