खलीलभाईंचा थर्मास

खलीलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या चेनला तेल घालत होतो. त्यांची मुलगी सना बोलत होती. दुपारचं जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत… हार्ट. मी फोन ठेवला आणि मनात पहिला आला तो संशय. दुःख मागून आलं. हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवतोय असं मला नऊ वर्षं वाटत होतं, ते आता खरं ठरलं, असं मी त्या क्षणी चक्क म्हटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दीड महिना उलटल्यावर तरी खरं लिहावं. मुरुडच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. कुणी खिशात हात घातला की माझी मान आजही आपोआप तिकडे वळते.

खलीलभाई आखातात सोळा वर्षं मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक होते. परत येऊन त्यांनी मुरुडात फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं म्हणून सायकल घेतली. मीही निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी सायकल घेतली होती. दर रविवारी काशीदपर्यंत जाऊन यायचं आणि महिन्यातून एकदा हरिहरेश्वर. म्हणजे आगरदांड्याहून बोटीत सायकली चढवायच्या, दिघीला उतरायचं आणि पुढे श्रीवर्धनवरून गाठायचं. थंडी अंगात कुठून शिरते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "सर, वारा न्हाय मारत माणसाला, ओला बनियन मारतो," असं ते म्हणत. उतार लागण्याआधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत. बोटीवर बाकीचे कठड्यापाशी फोटो काढायला धावत, हे मात्र नुकत्याच चढलेल्या एखाद्या टेम्पोच्या गरम बॉनेटला पाठ टेकून बनियन बदलत उभे. एका ड्रायव्हरला हा डिझेलवर टपलाय असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर घटकाभर मलाही वाटलं होतं. घरी पोचल्यावर लगेच झोपायचं नाही, पंधरा मिनिटं पाय भिंतीला लावून वर ठेवायचे, मग मिठाच्या कोमट पाण्यात सोडायचे. मी त्यांची टिंगल सगळ्यांसमोर करायचो आणि घरी येऊन हे सगळं गुपचूप पाळायचो.

पहिल्याच हिवाळ्यात ते भाभींचा लोकरीचा स्कार्फ कानांवरून घट्ट बांधून आले. मी म्हटलं, "काय खलीलभाई, बाळंतीण झालात की काय?" तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. बोटीवर तिकीट फाडणाऱ्याला सांगितलं, श्रीवर्धनच्या चहावाल्याला सांगितलं, दिवसभर त्यांना बाळंतीणबाई म्हणत राहिलो. ते हसले, म्हणून विषय मिटला असं मी धरून चाललो.

त्यानंतरच्या फेरीपासून थर्मास आला. स्टीलचा, लाल झाकणाचा. खजूर, उकडलेली अंडी, केळी, सगळ्यात माझा निम्मा वाटा ठरलेला. थर्मास तेवढा कधी पुढे आला नाही. जेट्टीवर बसलो की ते माझ्याकडे पाठ करून प्यायचे, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि लगेच नळावर जाऊन आत बोटं घालून तो धुवायचे. एवढी घाई कशाची? एकदा दिघीला ते नमाजाला गेलेले असताना मी धुऊन ठेवलेल्या थर्मासचं झाकण उघडून वास घेतला. सुंठ… सुंठ दारूचा वास मारायला घालतात, असं मी लगेच ठरवून टाकलं. पाच वेळचा नमाजी माणूस, म्हणून तर लपवाछपवी. सरळ विचारलं मात्र कधीच नाही. वर्गात फेऱ्या मारणारा मास्तर विचारत नसतो, नजर ठेवतो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला काशीदच्या टपरीवर अलिबागची सायकलवाली मंडळी भेटली. त्यातल्या एकानं विचारलं, या वयात खलीलभाई इतके ताजेतवाने कसे? मी अंगठा तोंडाकडे नेला, डोळा मारला आणि म्हणालो, "थर्मासची कृपा." सगळे हसले. खलीलभाई मागेच चाकात हवा भरत होते. पंपाचा आवाज थांबला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा हवा भरायला लागले. रोज मशिदीत जाणाऱ्या माणसाला मी ओळखीपाळखीच्या लोकांत बेवडा ठरवून मोकळा झालो होतो. पुढच्या रविवारी थर्मास नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, पकडला.

शेवटच्या हरिहरेश्वर फेरीत, परतताना, बोटीवर ते टेम्पोच्या बॉनेटला टेकूनही कुडकुडत होते. दात वाजत होते. मी माझा कोरडा टॉवेल पुढे केला. "राहू द्या सर," एवढंच म्हणाले. त्यानंतर दहाव्या दिवशी सनाचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, जुनं ब्लॉकेज होतं, थंडीचा काही संबंध नाही. माझा त्या डॉक्टरांवरही पुरता विश्वास बसलेला नाही.

चाळिसावा झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात होत्या, त्यामुळे पडद्याआडून बोलल्या. सनानं माझ्यापुढे कप ठेवला आणि तोच थर्मास.

"गूळ कमी घातलाय सर," पडद्यामागून भाभी म्हणाल्या. "तुमची साखर आता कशी हाय?"

"माझी साखर?"

"सनाच्या अब्बांनी सांगितला व्हता. सरांना साखर निघाली, आता थर्मास नको. सर पिणार न्हाईत, मग मी एकटा कसा पिऊ, म्हणाले. नऊ वरसं दोघांची करून द्यायची मी. अळिवाची खीर, नारळाचा रस आणि सुंठ घालून. बाळंतिणीला देतात ती. सनाच्या वेळी मी हिच्यावरच उभी राहिले, ते त्यांनी बघितलेला. सरांना पण लय आवडते, म्हणायचे."

मला साखर नाही. कधीच नव्हती. मी बाळंतीण म्हणून हसलो होतो, म्हणून तो माणूस नऊ वर्षं बाळंतिणीची खीर माझ्याकडे पाठ करून प्यायला, माझ्याही वाटची प्यायला आणि घरी सांगत राहिला की सरांना आवडते. मी त्याला चारचौघांत बेवडा ठरवलं, तेव्हाही त्यानं घरी माझं नाव खराब केलं नाही. मला साखर लावून दिली, आणि स्वतः कुडकुडला. मला फार लाज वाटली. पडदा होता ते बरं झालं.

मी कप तोंडाला लावला. गरम, दाट, सुंठेची चव घशात उतरणारी. छातीपर्यंत ऊब गेली.

"तशीच झालीय ना सर? दिघीला दोघं बसून प्यायचात, तशी?"

"तशीच," मी म्हणालो.

उरलेली खीर सनानं थर्माससकट माझ्याबरोबर दिली. घरी पिऊन संपवली, पण धुवायचं राहिलं, थर्मास सकाळी नळाखाली धरला. अळीव वाळले की सुटत नाहीत, हे तेव्हा कळलं. ते जेट्टीवर घाई का करायचे, तेही. तळाशी चार-पाच दाणे अजून चिकटलेले आहेत. मी ते खरवडत बसलेलो नाही.