लव्हॉनचं स्वतःचं पार्सल

लव्हॉन टेट्झलाफने मॅनिटोवॉक गावाच्या आमच्या भागात जन्मभर लोकांची पार्सलं वाटली. कुणाकडे कसलं खोकं येतं हे तिला तोंडपाठ होतं, पण तोंडातून कधी शब्द बाहेर पडला नाही. पाद्रीबाबांकडे मासे धरायचे गळ यायचे, कोपऱ्यावरच्या विधवेकडे गुलाबांची रोपं, आणि माझ्याकडे न्यू जर्सीच्या नणंदेने पाठवलेले मसाले. त्या खोक्याचा वास पुठ्ठ्यातून बाहेर यायचा. लव्हॉन बेल वाजवायची आणि म्हणायची, "शैला, तुझं जेवण आलंय गं!" तिच्या स्वतःच्या नावाने मात्र विजेचं बिल आणि बियाण्यांचा कॅटलॉग, एवढंच.

गेल्या वर्षी, बर्फ वितळायच्या सुमारास, ती रिटायर झाली. पोस्टात केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच जाग आली आणि ती बूट चढवायला लागली. तिचा नवरा व्हर्लिन अंथरुणातूनच म्हणाला, "अगं, झोप की. पत्रं टाकायला दुसरा माणूस ठेवलाय त्यांनी."

ती काही झोपली नाही. पण त्या आठवड्यापासून तिने स्वतःचे लाड करायला सुरुवात केली. आधी घाबरत घाबरत. सकाळची न्याहारी झाल्यावर, लोक कामाला गेलेले असताना, टबात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून राहायचं. हात धुवायला लायलॅकच्या फुलांच्या वासाचा साबण आणायचा. व्हर्लिन त्या साबणाला हातच लावायचा नाही. कुणा पाहुण्याची वस्तू असावी तसा तो लांबून बघायचा आणि आपली जुनी वडी वापरायचा. मग एका मंगळवारी ती एकटीच गाडी काढून आइस्क्रीमसारख्या गार कस्टर्डच्या दुकानात गेली, वर गरम चॉकलेट आणि अक्रोडासारखे पेकन घालून मोठा कप घेतला आणि तळ्याकाठी गाडीत बसून सगळा संपवला.

"वाढदिवस नाही, काही नाही!" दुपारी माझ्याकडे येऊन तिने कबुली दिली. आवाज खाली आणला होता, जणू व्हर्लिन दाराआड उभा आहे. "अशीच गेले आणि असंच खाल्लं."

"मग? आवडलं?"

"शैला, अगं, उद्यापण मंगळवार असता ना, तर बरं झालं असतं."

कपड्यांचा विषय निघाला तो यातूनच. तिने एक दिवस कपाट उघडलं. युनिफॉर्मचे निळेकरडे शर्ट आता निरुपयोगी. उरलं काय, तर व्हर्लिनचे जुने चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट, पॅकर्स या फुटबॉल टीमचा हिरवा स्वेटशर्ट, आणि चर्चला नि मयताला चालणारी एक काळी पँट. ती अ‍ॅपलटनच्या मोठ्या दुकानात जाऊन आली. कपडे घालून बघायच्या खोलीतल्या त्या पांढऱ्या उजेडात स्वतःला बघून तिचं अवसानच गळालं. मोजे घेऊन परत आली.

आर्डिस नोव्हाक म्हणजे तिची बोलिंगची जोडीदारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कढया ढवळून आर्डिसचा आवाज असा झाला होता, की ती कुजबुजली तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. तिने सांगितलं, "अगं, आता घरबसल्या कपडे येतात. आपण आपली माहिती कळवायची. तिकडे एक बाई बसलेली असते, ती आपल्यासाठी कपडे निवडते आणि खोकं पाठवते. आवडलं ते ठेवायचं, नाही ते परत."

"त्या बाईची माझी ओळख ना पाळख. ती काय निवडणार?"

"आम्ही ओळखतो, तर आम्ही काय दिवे लावले?" आर्डिस म्हणाली.

तर आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. मध्ये कॉफी आणि बदामाचा क्रिंगल, म्हणजे इकडची गोड, पापुद्र्यांची पेस्ट्री. मी कॉम्प्युटरवर प्रश्न वाचत होते.

"तुमच्या मैत्रिणी तुमच्या राहणीचं वर्णन एका शब्दात कसं करतील?"

"सरकारी," आर्डिस म्हणाली.

लव्हॉनने तिच्या बशीतला क्रिंगलचा तुकडा उचलून स्वतःच्या बशीत टाकला. "पुढचा वाच."

"शरीराचा कुठला भाग झाकलेला आवडतो?"

"जानेवारीत? सगळा."

"आणि कुठला भाग उठून दिसलेला आवडेल?"

 लव्हॉन कॉफीत चमचा फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोटऱ्या."

"काय?"

"पोटऱ्या गं! हसू नका." आणि तिने खुर्ची मागे सरकवून पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. इतकी वर्षं बर्फातून, चढावरून, लोकांच्या पायऱ्या चढून-उतरून घडलेल्या पोटऱ्या त्या. घट्ट, गोलसर, एखाद्या तरुण खेळाडूच्या असाव्यात तशा.

"देवा! हे तर जेवणाच्या टेबलाचे पाय," आर्डिस म्हणाली.

"कोरीव टेबलाचे म्हण."

मी टाइप केलं: पोटऱ्या.

खोकं आलं ते नव्या पोस्टमनने आणलं. लव्हॉन पडद्याआडून बघतच होती. त्याने बेल वाजवायच्या आत तिने दार उघडलं, तर तो बिचारा दचकला. "तुमच्याच नावाचं आहे, मॅडम," तो म्हणाला. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि आत आल्यावर कितीतरी वेळ टेबलावर नुसतं ठेवून बघत बसली. उघडलं ते संध्याकाळी, आम्ही जमल्यावर. व्हर्लिनने सगळ्यांना ब्रँडी ओतली होती आणि ताज्या चीजच्या गोळ्यांची पिशवी फोडली होती.

पहिला निघाला तो ब्लाउज. राखाडी, आणि दोन्ही खांद्यांना गोल भोकं.

व्हर्लिनने भोकातून बोट घालून बघितलं. "हे कशासाठी? लस टोचायला?"

"फॅशन आहे ती," आर्डिस म्हणाली, पण तिलाही खात्री वाटत नव्हती.

मग एक लांब स्वेटर, तो लव्हॉनला बाथरोबसारखा झाला. मग एक निळी पँट, पायाशी अगदी निमुळती. ती घालून बघायला लव्हॉन आत गेली.  मग हाक आली, "आर्डिस! शैला! दोघीच या!"

पलंगाच्या कडेला बसली होती. पँट पोटऱ्यांवर अडकली होती. वर जाईना, खाली येईना. आर्डिसने एक पाय धरला, मी दुसरा. आम्ही ओढायला लागलो तशी लव्हॉन पलंगावरून घसरत घसरत खाली आली आणि गालिच्यावर बसून हसायला लागली. हसताना ती आणखीच फुगत होती आणि पँट आणखी घट्ट होत होती. बाहेरून व्हर्लिन विचारत होता, "कात्री आणू का?"

पँट निघाली एकदाची. पण सगळं परत खोक्यात भरताना लव्हॉनचं हसू ओसरलं होतं. "ज्यांचं त्यांना शोभतं," ती म्हणाली. "मला कस्टर्ड पुरे." दोन-तीन आठवडे तिने कपड्यांचं नाव काढलं नाही. आर्डिसने विषय काढला की ती बोलिंगवर घसरायची.

मग एका दुपारी ती माझ्याकडे आली. नवा पोस्टमन तिच्या दारातून जाताना बघितला आणि वाटलं, म्हणाली, की खोकं पाठवणाऱ्या बाईला निदान दोन शब्द तरी लिहावेत. "तिने मनापासून पाठवलं होतं. आपण काही न बोलता परत केलं, ते बरं दिसत नाही." मी म्हटलं, सांग, मी लिहिते. तिने सांगितलं: 'ताई, राग मानू नका. कपडे छान होते, पण ते दुसऱ्या कुणाचे होते. मी जन्मभर चाललेली बाई आहे. माझे पाय कोंडू नका. आणि मला करडा रंग आता बघवत नाही.'

दुसरं खोकं आलं तेव्हा आत कागदावर चार ओळी होत्या. मिरियम नावाच्या कुणा बाईने लिहिलं होतं: 'पाय मोकळे सोडलेत. चुकलं तर पुन्हा सांगा.'

या खेपेला लव्हॉनने आम्हाला बोलावलं नाही. मी आपली उसने दिलेले केकचे साचे मागायला गेले होते. दार उघडंच होतं. ती आतल्या खोलीत आरशासमोर उभी होती. अंगात झेंडूच्या रंगाचा ड्रेस. गुडघ्यापर्यंतचा, कंबरेशी जरा बसणारा आणि खाली मोकळा. मला बघून ती पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"शैला, खिसे आहेत याला!"

तिने दोन्ही हात खिशात घालून दाखवले. मग पुन्हा आरशाकडे वळली, एकदा इकडून, एकदा तिकडून.  

तेवढ्यात व्हर्लिन गॅरेजमधून आला. हात कोपरापर्यंत काळे.  दारातच उभा राहून त्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"थांब हं," तो म्हणाला. "हात धुऊन येतो."

परत आला तेव्हा त्याच्या हातांना लायलॅकचा वास येत होता. मी साचे न घेताच घरी आले.

ड्रेस ठेवून घेतला, हे सांगायला नको. पण घालायचा कुठे? चर्चला फार भडक, बोलिंगला फार चांगला. शेवटी आर्डिसने हुकूम सोडला: शुक्रवारी तळलेले मासे खायला आपण सगळे जातोच, त्याच जेवणघरात घालायचा. "आणि मागे फिरलीस तर तुला उचलून नेईन. मी पन्नास माणसांचं सूप उचललेलं आहे."

शुक्रवारी तिथे नेहमीसारखी गर्दी होती. टेबलासाठी थांबायचं म्हणून सगळे बारपाशी उभे. व्हर्लिन गाडी लावायला मागे राहिला होता. आर्डिस आणि मी कोट टांगत होतो. लव्हॉन एकटीच बारशी टेकून उभी होती. तिथे प्रोखनाव नावाचे गृहस्थ आले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, केस पाण्याने चापून बसवलेले. त्यांच्या दारात लव्हॉनने किती वर्षं टपाल टाकलं असेल, देव जाणे. त्यांनी टोपी काढली.

"नमस्कार बाई. तुम्हाला याआधी इथे पाहिलेलं नाही. गावात नव्या आहात का?"

लव्हॉन त्यांच्याकडे बघतच राहिली. मी पुढे होणार, तर आर्डिसने माझा दंड धरला. "थांब, थांब. रंगू दे."

"नवी नाही हो," लव्हॉन म्हणाली.

"मग आमच्या भागातल्या तरी नक्की नाही. नाहीतर लक्षात राहिल्या असतात." त्यांनी बारवाल्याला खूण केली. "यांना काय हवं ते द्या. मी लेकव्ह्यू रोडवर राहतो. पिवळं घर. दारात सफरचंदाचं झाड आहे."

"ठाऊक आहे," लव्हॉन म्हणाली. "त्याखालची तिसरी पायरी हलते. दुरुस्त करा म्हणून मी दर हिवाळ्यात तुम्हाला चिठ्ठी ठेवत होते, मिस्टर प्रोखनाव. आणि तुमचा कुत्रा मला दोनदा चावलाय."

प्रोखनावांचा चेहरा बीटासारखा झाला. "लव्हॉन?" ते म्हणाले. "पोस्टातली लव्हॉन? अरे देवा! अरे देवा!" एवढ्यात व्हर्लिन आत आला. सगळा प्रकार ऐकून तो इतका खूश झाला, की त्याने प्रोखनावांनाच ब्रँडी पाजली. "बायको माझी आहे," तो त्यांना सांगत होता, "पण तुमची नजर चांगली आहे, हे मान्य करायला हवं."

त्या संध्याकाळी आणखी दोघातिघांनी तिला ओळखलं नाही. घरी जाताना गाडीत तिने दोन्ही हात ड्रेसच्या खिशांत घातले. "इतकी वर्षं दारात गेले," ती म्हणाली, "आणि लोकांनी नुसता शर्टच बघितला की काय?"

"कुत्र्याने नाही," आर्डिस मागून म्हणाली. कारण पार्किंगमध्ये प्रोखनावांच्या ट्रकमधल्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याने मात्र लव्हॉनला बघताक्षणी काच फोडायची बाकी ठेवली होती. झेंडूचा रंग असो की निळा, त्याला फरक पडला नव्हता. लव्हॉनला हसू फुटलं ते घर येईपर्यंत थांबलं नाही.

आता ऋतू बदलला की तिच्याकडे एक खोकं येतं. काही ठेवते, बरंचसं परत करते, आणि मिरियमला प्रत्येक वेळी सविस्तर कळवते. आर्डिसनेही गुपचूप नाव घातलं होतं. तिच्या अंगणात खोकं दिसल्यावर ते उघड झालं. तिला आलेली जांभळी विजार ती आता बोलिंगला घालते आणि समोरच्या टीमचं लक्ष विचलित होतं म्हणून आपण जिंकतो, असं सांगत फिरते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी पायांची मालिश आणि नखं रंगवून घ्यायला गेलो. लव्हॉनला उघड्या चपला घ्यायच्या होत्या आणि त्यात असल्या भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या टाचा घालून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. तिथल्या व्हिएतनामी बाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला, टाच दाबली, तळवा दाबला आणि मान वर करून अगदी आदराने विचारलं, "तुम्ही सैन्यात होतात का?"

"नाही हो. टपालात."

"बापरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आतल्या मुलीकडून मोठी कानस मागवली.

कानशीचं काम बराच वेळ चाललं. मग पाय कोमट पाण्यात सोडले, खुर्चीतली पाठीची मालिश सुरू केली. आर्डिस नखांचे रंग हातात घेऊन लव्हॉनला मोठमोठ्याने दाखवत होती, लाल बघ, हा बघ, हा जरा चावट आहे. उत्तर येईना म्हणून आम्ही वळून बघितलं. लव्हॉन तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दुपारचे दोनसुद्धा वाजले नव्हते. आर्डिसने, जन्मात पहिल्यांदाच असेल, आपला आवाज खाली आणला आणि त्या बाईंना सांगितलं, "राहू द्या तशीच. रंग मी निवडते."