भोपळ्याच्या सुरातला पियानो

डहाणूच्या या चिकूवाडीत बायका चिकू निवडायला बसल्या की होमी सरांची गोष्ट निघतेच. एकीने एक सांगितली की दुसरीला दुसरी आठवते. करंडी भरायच्या आधी गोष्टींचाच ढीग होतो. मी इथे स्वयंपाक करते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेव्हा मीच सांगते. बाकीच्या मीठमसाला लावतात.

* * *

होमी सर म्हणजे आमच्या पारशी शेठचे मावसभाऊ. जन्मभर मुंबईत पियानो वाजवला. हॉटेलात जॅझ, चर्चमध्ये लग्नं, सिनेमाची गाणी. एकदा तर तलासरीच्या गरब्यात टेम्पोवर बसून कीबोर्ड.

"सगळ्यांचं वाजवलंत, तुमचं स्वतःचं कुठाय?" मी विचारलं.

सरांनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. "दीकरी, ते राहूनच गेलं."

सत्तरी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्या नावाची एक तरी रेकॉर्ड करायची. पियानो आणि आम्हा आदिवासींचा नाचातला तारपा, एकत्र. शेठ म्हणाला, "होमी, नाव बुडवशील."

मी म्हटलं, "बुडवायला आधी निघालंय कुठे?"

सर्वांत मोठ्याने सरच हसले.

* * *

पियानो वाडीत आणायला चिंचणीहून होड्या ओढणारे गडी बोलावले. त्यांनी खाली ओंडके टाकले आणि पॅकिंगच्या शेडपर्यंत पियानो होडीसारखा ओढत नेला. सर मागून "हळू, हळू" करत धावत होते. शेवटी त्यांच्या म्होरक्याने, म्हाताऱ्या तांडेलाने, झाकण उघडून आत डोकावलं.

"एवढं ओढलं, आणि आत एक बोंबील नाही."

* * *

तारपा वाजवणारे माझे जिवाकाका, रानशेतचे. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या. फुंकायला लागले की श्वास घ्यायलाही थांबत नाहीत.

सरांनी विचारलं, "काका, तुमचं गाणं संपतं कुठे?"

"नाचणारे थकले की."

"आणि नाही थकले तर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, याला चहा दे."

* * *

दोघांचे सूर काही जुळेनात. तारप्याचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी. रेकॉर्डिंगवाला मिलिंद म्हणाला, "काकांना जरा लहान भोपळा घ्यायला सांगा ना."

"वेलाला सांग," मी म्हटलं.

शेवटी पियानोचाच सूर उतरवला. मुंबईहून आलेला सूर लावणारा दिवसभर तारा सैल करत बसला. जाताना शेठला हळूच म्हणाला, "भोपळ्याला पियानो लावला, हे कुठे बोलू नका. माझी कामं जातील."

* * *

आणि रेकॉर्डिंगचा दिवस. संध्याकाळी मिलिंद सामान गुंडाळून जाणार होता आणि परत यायला त्याला सवड नव्हती. झालं तर आज, नाहीतर सरांचं राहिलंच.

आवाज घुमू नये म्हणून काकांना गाद्यांच्या आडोशात बसवलं, कानाला हेडफोन. काका दोन फुंका मारायचे आणि थांबायचे.

"समोर कोणी नाचत नाही. गादीसाठी वाजवू?"

मिलिंद म्हणाला, "नाचलं तर पायांचे आवाज येतील."

"येऊ दे," सर म्हणाले.

मी गॅस बंद केला, बायकांना चिकूवरून उठवलं. गाद्या बाजूला, हेडफोन बाजूला. एकमेकींच्या कमरेला हात घालून आम्ही काकांभोवती फेर धरला. काकांनी फुंकलं आणि पुन्हा थांबले. सरांकडे बोट.

पियानो भिंतीला टेकलेला, म्हणजे सरांची पाठ काकांकडे. तारप्याला पाठ दाखवून आमच्यात कोणी नाचत नाही, आणि हे तर सोबत वाजवणार होते. सर उठले, काकांपुढे हात जोडले. गडी कधीच चिंचणीला गेलेले. मग पदर खोचून आम्हीच पियानो फिरवला.

त्यानंतर जे लागलं ते लागलं. काकांनी चाल बदलली की आमचे पाय बदलायचे, पाय बदलले की सरांची बोटं. ठरलेली वेळ केव्हाच उलटली. मिलिंद कोपऱ्यातून घड्याळ दाखवायला लागला. सरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी, गाल तसेच फुगलेले, आमच्याकडे पाहिलं.

सरांच्या नावाची रेकॉर्ड निघाली. तिच्यात मध्येच माझा आवाज आहे, सरांनी काढू दिला नाही:

"घड्याळ खिशात ठेव रे. अजून कोणी थकलेलं नाही."