दोन दिवस एकच आकडा

खमीस मुशैतला थंडी पडते हे गावाकडे कुणाला खरं वाटत नाही. सौदी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वाळू आणि उंट. आमचं शहर महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे आणि डिसेंबरात फ्लॅटमधली फरशी पायाला चावते. ही थंडी मी विचारात घेतली नाही आणि त्यात एका माणसाचा डोळा गेला. माझा नाही, हीच तर बोंब आहे.

मी एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. फ्लॅटमध्ये आम्ही दोघं. दुसरे रत्नागिरीकडचे, हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवणारे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना चाचा म्हणायचो. ते मला डॉक्टर म्हणायचे, कारण मी डॉक्टर नाही हे मला झोंबतं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. पाच वेळा नमाज, विडीला शिवणार नाहीत, आणि कालवण असं करायचे की मी बोटं चाटायचो.

आणि मी त्याच फ्लॅटमध्ये बीअर लावायचो. इथे ही गोष्ट पकडली गेली तर तुरुंग आणि मग घरची वाट, हे मला ठाऊक होतं. तरी लावायचो. सुट्टीच्या दिवशी एक ग्लास थंड बीअर पिऊन मी पुन्हा माणसात येतो, असं काहीतरी मी स्वतःला सांगायचो. चाचांनी एकदाच विषय काढला. "तू काय पितोस ता तुजा तू नि तुजा देव. मना त्यात घेव नको." बस. त्यानंतर कधी टोकलं नाही. मी त्याला संमती समजलो.

मला ही विद्या शिकवली मशीन दुरुस्त करणाऱ्या एका फिलिपिनो सहकाऱ्याने. दुकानात मिळणारं बिनदारूचं माल्टचं पेय, साखर, बेकरीचं यीस्ट, आणि पाण्याचा मोठा कॅन. कॅनच्या तोंडातून एक नळी पाण्याच्या बरणीत सोडायची. बुडबुडे आले की आंबतंय, थांबले की झालं. मग प्लास्टिकच्या बाटल्यांत थोड्या साखरेसह भरायचं आणि रोज बाटली दाबून बघायची. दगडासारखी लागली की गॅस धरला. "काचेची नाही हं, प्लास्टिकचीच," तो बजावायचा.

मला हा अडाणीपणा वाटला. बुडबुडे मोजणं आणि बाटल्या चेपणं हे भाजीबाजारातल्या बाईने टोमॅटो चेपण्यासारखं. मी लॅबचा माणूस. आमच्या एका कप्प्यात युरिनोमीटर पडून होता, लघवी किती दाट आहे हे मोजायची काचेची तरंगती नळी. आता ते काम मशीन करतं. एक न वापरलेली नळी मी घरी आणली. साखर जास्त असेल तर नळी वर तरंगते, यीस्टने साखर खाल्ली की ती खाली बसते. सुरुवातीला १.०५० यायचं, शेवटी १.०१० च्या आसपास. आकडा दोन दिवस तोच राहिला की आंबणं संपलं. बुडबुडे फसवतात, आकडा फसवत नाही, असं मी त्या फिलिपिनोला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. चाचा तर पोट धरून हसले होते. "मुताची नळी दारूत घालतोस काय रं? वा, डॉक्टर!"

काचेच्या बाटल्याही आणल्या होत्या मी, तारेच्या क्लिपच्या झाकणाच्या, द्राक्षाच्या रसाच्या. दिसायला देखण्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा होता.

त्या डिसेंबरात कॅन माझ्या खोलीत खिडकीखाली होता. चार दिवस बुडबुडे जोरात आले, पाचव्या दिवशी मंदावले, आठव्या दिवशी बंद. नळी टाकली, १.०२२. जरा जास्त होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा १.०२२. तिसऱ्या दिवशी तेच. चव गोडसर होती. मी म्हटलं, या खेपेला साखरच जास्त पडली असेल. आकडा स्थिर, विषय संपला.

इडलीचं पीठ थंडीत फुगलं नाही तर ते झालं असं कुठली बाई म्हणते? ती पातेलं गोधडीत गुंडाळते. माझ्या आईला दाखवलं असतं तर तिने हात लावून सांगितलं असतं की गारठलंय, ऊब दे. मी तर रोज लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा इनक्युबेटरच्या उबेत ठेवतो. बाहेर ठेवलेल्या प्लेटवर काही उगवलं नाही म्हणून ती स्वच्छ आहे असा रिपोर्ट मी आयुष्यात दिलेला नाही. आणि तोच मी, यीस्ट गारठून झोपलंय हे सोडून, साखर संपली असा निकाल देऊन मोकळा झालो.

त्या काचेच्या बाटल्या भरल्या, नेहमीसारखी प्रत्येकीत चमचाभर साखर घातली. आता गॅस धरायला ऊब हवी. (बघा, इथे बरोबर आठवलं.) फ्लॅटमध्ये सगळ्यात उबदार जागा म्हणजे हॉलमधलं भिंतीतलं कपाट, त्याच्या मागे बाथरूमचा गीझर. कपाट चाचांचं होतं. खालचा कप्पा रिकामा असायचा. मी त्यांना विचारलं नाही. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं.

शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघत होते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता काढायला त्यांनी कपाट उघडलं, खाली बाटल्या दिसल्या, काय आहे म्हणून वाकले. मी माझ्या खोलीत दाढी करत होतो. आवाज टायर फुटल्यासारखा आला, लगेच दुसरा. उबेत यीस्ट जागं झालं होतं आणि उरलेल्या साखरेचा गॅस काचेला झेपला नव्हता.

मी बाहेर आलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. डाव्या डोळ्यावर हात, बोटांतून रक्त. ओरडत नव्हते. मी त्यांना टॉवेल दिला आणि म्हणालो, "चाचा, दोन मिनिटं थांबा."

ते थांबले. मी उरलेल्या बाटल्या गोधडीत धरून बाथरूममध्ये ओतल्या. कॅन फोडला. फरशी फिनेलने पुसली. त्यांचा भिजलेला बनियन काढून दुसरा घातला. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. एवढ्या वेळात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "झाला काय रं तुजा?" त्या वीस मिनिटांनी डोळ्याचं काही बिघडलं का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

कॅज्युअल्टीत त्यांनी सांगितलं की शरबताची बाटली गरम होऊन फुटली. पण बीअर त्यांच्या केसांत आणि दाढीत गेली होती. नर्सने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने रक्तातल्या अल्कोहोलची तपासणी लिहिली. दुपारची ड्यूटी माझी होती. चाचांच्या रक्ताची नळी माझ्याच हातात आली.

मी ती मशीनला लावली आणि उभा राहिलो. उत्तर मला ठाऊक होतं, त्या माणसाने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. शून्य आलं. मला आनंद झाला, खरंच सांगतो, उडी मारावीशी वाटली. चाचा सुटले म्हणून नाही. आता कुणी खोदून विचारणार नाही म्हणून. त्या रिपोर्टवर मी सही केली.

डोळा गेला. एका डोळ्याने अँब्युलन्स चालवता येत नाही. दुसरं काही काम देता आलं असतं, पण दाढीतल्या त्या वासाची गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती. रक्तात नाही तर बाटली आली कुठून, हे प्रशासनाने तोंडावर विचारलं नाही, फक्त ठेवूनही घेतलं नाही. पासपोर्टवर एक्झिटचा, म्हणजे कायमचं घरी पाठवायचा, शिक्का बसला. मी तोंड उघडलं असतं तर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता आणि मी तुरुंगात गेलो असतो. चाचांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. करून सवरून नामानिराळा.

जवळच्या अबहाच्या विमानतळावर मी त्यांची बॅग उचलली. "तू लहान हायस," ते म्हणाले, "पोरं शाळेत हायत तुजी. जाव दे." मला त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये माणूस हवा आहे हे त्यांना गावातल्याच कुणाकडून कळलं होतं. माल लावायचा, यादी बघायची, एका डोळ्याने होण्यासारखं काम. "तुजा शब्द हाय तिथं. मॅनेजरला विचारून बघशील?"

"विचारतो की चाचा," मी म्हणालो.

विचारायचं म्हणजे मॅनेजर ती जुनी फाईल उघडणार. मग वास, मग बाटली, मग कुणाची. चार दिवस मी स्टोअरच्या बाजूला फिरकलो नाही. पाचव्या दिवशी फोन आला.

"विचारलंस?"

"विचारलं चाचा. नाही म्हणाले."

ते म्हणाले, "असू दे. तू विचारलंस, ताच लय झाला. मना म्हाईत होता, तू विचारशील."

मी कुणालाही विचारलेलं नव्हतं. जागा अजून रिकामीच आहे.