जंगलातलं फूट इन्स्पेक्शन

मिल्टन कीन्समधले फ्रेंड्स अजून विचारतात, आर्मीत मेडिक होतीस म्हणजे गोळ्याबिळ्या काढायचीस का? नाही रे बाबा. मी पाय बघायचे. तीन वर्षं, मुख्यतः पायच.

शेवटची पोस्टिंग मध्य अमेरिकेत, बेलीझला, जंगल ट्रेनिंग. रोज सकाळी सहाला फूट इन्स्पेक्शन. बूट काढायचे, मेडिक एकेक बोट तपासणार. तेव्हा कळलं, नदीकाठच्या एका गावात रक्त पिणारी वटवाघळं माणसांना चावतायत. तिथल्या नर्सच्या मदतीला सार्जंट कोल आणि मी रेबीजच्या लशी घेऊन गेलो. बोट चालवणाऱ्या एल्विनने आठवून आठवून गावाचा रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावांची यादी, लिहून दिला.

आठ वाजता नावं पुकारली. "लिऑन"ला कोणीच ओ दिली नाही. एल्विन हळूच म्हणाला, माझा धाकटा भाऊ, मार्चमध्ये गेला, सवयीने लिहिलं.

कोणाला चावलंय का विचारलं, सगळे नाही म्हणाले. खोटं नव्हते बोलत. वटवाघूळ झोपेत पायाच्या बोटांना चावतं, दुखत नाही, चादरीवर थोडं रक्त, बस. त्यांच्या लेखी डास चावल्यासारखं! मग सार्जंट सरळ जमिनीवर बसला, बूट काढले आणि म्हणाला, "मेडिक, इन्स्पेक्ट."

दोन आठवडे ओल्या बुटात कुजलेले पाय ते. अख्खं गाव हसलं, आणि हसत हसत लाइनीत बसलं.

एल्विनची आई, मिस पर्ल. सत्तरीची. पायाच्या अंगठ्याला ताजी जखम. पंधरा मिनिटं साबणाने धुतली, पहिली लस दिली. पण जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं. मी रेडिओवरून बेसला कळवलं.

"झीरो, धिस इज फोर-टू. वन फ्रेश बाइट. सेंड इम्युनोग्लोब्युलिन, ओव्हर."

"फोर-टू, बोट ॲट फोर्टीन हंड्रेड. आउट."

बोट दुपारी दोनला, आणि मिस पर्ल दहाला शेतावर निघालेली. लांब, महिनाभरासाठी. म्हणजे हे इंजेक्शन नाही, पुढच्या लशीही नाहीत.

"एवढ्याशा ओरखड्यासाठी मका सोडू? इंग्लंडात तुला दुसरं काम नाही का गं?"

मी म्हटलं, लक्षणं सुरू झाली की मग औषधच नाही. कसली लक्षणं, तिने विचारलं. ताप येतो, मी सांगितलं. मग पाणी गिळता येत नाही. पेला समोर आला तरी घसा आवळतो.

एल्विन नदीकडे बघायला लागला.

"लिऑनला मी पाणी दिलं, त्याने पेला भिरकावला," ती म्हणाली. "मला वाटलं, रागावलाय."

गाठोडं खाली ठेवून ती बसली. बोट वीस मिनिटं लेट आली, ती हलली नाही. मका एल्विनने बघितला. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी ती लाइनीत पहिली.

चौदाव्या दिवशी लिऑनचं नाव खोडायला एल्विनने पेन काढलं. तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. त्याचे पाय कोणी बघितलेच नाहीत."

मी अख्खा रोल पुकारला, लिऑनसकट. या वेळी मिस पर्लने ओ दिली.