तपासणाऱ्याचा रकाना

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी तपासनीस होतो. प्रत्येक तपासनिसाला आपल्या नंबरचा पोलादी शिक्का मिळे. माल डोळ्यांखालून घालायचा, मगच शिक्का ठोकायचा. तो कुणाला उसना द्यायचा नाही. रजेवर जाताना साहेबांच्या कपाटात कुलूपबंद. "मला एक वेळ स्टेशनवर विसराल, शिक्का नाही विसरणार," असं बायको म्हणायची. खोटं नव्हतं.

मुलगी इंजिनिअर झाली. तिच्या कंपनीत दुचाकीच्या ब्रेकचे भाग कॅमेरा तपासतो आणि पास की नापास ते एआय ठरवतं. ती कौतुकाने सांगायची. मी "असं का" म्हणायचो. आमच्याकडे यापेक्षा जास्त कौतुक करायची पद्धत नाही.

एका रविवारी ती पोहे पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. यंत्राने चिरा गेलेले भाग पास केले होते. गोदामातच सापडले म्हणून निभावलं. चौकशीच्या फॉर्मवर 'तपासणारा' या रकान्यात सगळ्यांनी मिळून 'सिस्टीम' लिहिलं होतं.

"मग सिस्टीमला मेमो द्या," मी म्हणालो. "घरी नोटीस पाठवा. पत्ता आहे ना?"

ती हसली नाही. "बाबा, यंत्र फार भाग नापास करत होतं. ऑर्डर अडली होती, म्हणून किती दोष चालेल ती मर्यादा मीच सैल केली. कुणाला माहीत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल."

गप्प राहा, असंच मला सांगायचं होतं. पण तोंडून निघालं, "या घरात न बघता कुणी शिक्का मारलेला नाही." बोललो आणि लगेच पस्तावलो.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं. मी दिवसभर फोनकडे बघत होतो. नोकरी राहिली. मात्र त्या रकान्यात आता तिचं नाव असतं. यंत्राने पास केलेल्या प्रत्येक पेटीतले काही भाग हातात घेऊन बघायचे, मग सही करायची. "तुमच्यामुळे डोक्याला ताप झालाय," असं ती म्हणते, आणि वर दोन पोळ्या जास्त खाते. मला बरं वाटतं.

गेल्या महिन्यात तिच्या आईसाठी स्कूटर घ्यायला गेलो. माझं रंगावर अडलं होतं, बायकोचं सीटच्या उंचीवर. मुलगी पुढच्या चाकाशी उकिडवी बसली, नीट बघितलं आणि उठली.

"आई, ही घे. हिचे ब्रेक आमच्याकडचे आहेत."

मी रंगाबद्दल पुढे काही बोललो नाही.